स्पीकरवर वाळत घातलेला बनियन

मैत्रिणींनो, सकाळपासून किळस जात नाही, म्हणून लिहिते आहे.

निवृत्तीनंतर मी स्वतःसाठी एकच हौस केली: चपट्या पॅनेलचे स्पीकर. दाराएवढे उंच आणि पातळ. बऱ्याच दुकानांत ऐकून निवडले, कारण त्यांच्यावर गाणारी बाई समोर बसून गाते आहे असं वाटतं. फक्त ते भिंतीपासून सुटे, हॉलमध्ये पुढे ठेवावे लागतात.

आज भाजी घेऊन आले, तर एका स्पीकरवर ओला टॉवेल आणि लासलगावहून आलेल्या दिरांचा बनियन! पाणी जाळीतून आत ठिबकत होतं.

"भाऊजी, हे काय?"

"मला वाटलं कपड्यांचा स्टँड हाय, वहिनी. पंख्याखाली लवकर वाळतंय."

यजमान पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "भिंतीला लावून ठेवले असतेस तर झालं असतं का हे?"

तो स्पीकर पुसून, वाळवून लावला. नुसता खरखरतो.

दिरांना निदान माहीत नव्हतं. यजमानांना चांगलं माहीत होतं, आणि टॉवेल स्पीकरवर टाकला तेव्हा ते समोरच्याच खुर्चीत होते.

तुमच्या घरात तुमची अशी एक तरी वस्तू आहे का, जिच्यासाठी कुणी खुर्चीतून उठेल?