उजवी पाकळी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत कशावरच माझा पटकन विश्वास बसत नाही. पण देवीवर संशय घेईन असं कधी वाटलं नव्हतं. तोही घेतला, आणि तीच हकिकत सांगायची आहे.

पूर्णगडच्या अलीकडे आमचं गाव. आम्ही गुरव. ग्रामदेवीच्या पूजेची पाळी एक वर्ष माझी, एक वर्ष माझ्या थोरल्या चुलतभावाची, बाळादादाची. आमच्याकडे देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची, माणूस नारळ घेऊन येतो आणि आम्ही कौल लावतो. गाऱ्हाणं घालून फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या आणि मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या. देवीच्या उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लोक वर्ष वर्ष त्या पाकळीच्या भरवशावर काढतात. म्हणजे सगळा भार गुरवाच्या बोटांवर.

आणि माझी बोटंच गेली. सकाळी उठलो की मूठ वळेना. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून टोकापर्यंत फुगून तोंडल्यासारखी झाली. देवीला आंघोळ घालताना हातातून तांब्या सुटला. गावातल्या डॉक्टरनं झीज म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं युरिक ॲसिड म्हणून डाळ-उसळ बंद केली. तिसऱ्यानं आमवात म्हणून रक्त तपासलं, तर ते साफ आलं. तिघांची तीन तोंडं! मी बायकोला म्हटलं, ह्यांना काही कळत नाही, नुसतं पोट भरतात.

त्यात पाळी माझी, आणि शिमगा दोन महिन्यांवर. पालखी बाहेर पडायच्या आधी सगळ्या मानकऱ्यांसमोर कौल लागतो. तिथे माझा हात थरथरला असता तर पाळी गेलीच असती. अशा वेळी बाळादादा दारात येऊन म्हणाला, "रत्नागिरीला सांध्यांची डॉक्टरीण आलीय. हाताची सोनोग्राफी करते म्हणे. चल, दाखवून येऊ."

"सोनोग्राफी? मी काय पोटुशी आहे?"

"मेल्या, हाताची म्हणतोय ना मी!"

मला लगेच वास आला. ह्याला माझ्या हाताची एवढी काळजी कशाला? एकदा का कागदावर रोगाचं नाव आलं, की तो कागद मानकऱ्यांपुढे ठेवायला हा मोकळा. आणि माझ्याकडे लपवायला होतंही. कोपरावर दोन वर्षांपासून पांढऱ्या खवल्यांचा चट्टा होता. असलं अंग घेऊन देवीला शिवतो, असं कुणी म्हणू नये म्हणून मी भर उन्हात लांब बाह्यांचा सदरा घालत होतो. बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

दादाला सरळ नाही म्हणवेना. म्हटलं, देवीआईला विचारतो. दुसऱ्या दिवशी पूजेनंतर एकटाच कौलाला बसलो आणि आयुष्यात केली नव्हती ती लबाडी केली. मला नकार हवा होता. डावी पाकळी नुसती टेकवली. उजवी मात्र त्या सुजलेल्या बोटानं दाबली, कळ खांद्यापर्यंत गेली तरी दाबत राहिलो. मग हात जोडून बसलो. बसतो न बसतो तोच उजवी पडली. डावी, नुसती टेकवलेली, चिकटून राहिली.

मी देवीकडे बघून चक्क म्हटलं, "तूसुद्धा दादाला सामील?" आज आठवलं तरी जीभ चावतो. बोटात जोर उरला नव्हता म्हणून ती पडली, हे मलाही कळतं. एवढंच माहीत आहे, की जे बोट दाखवायला मी तयार नव्हतो त्याच बोटानं मला रत्नागिरीच्या एसटीत बसवलं.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. बोटांवर गार जेल लावून एकेका सांध्यावरून तिनं ते यंत्र हळूहळू फिरवलं. पडद्यावर सगळं करडं, आणि त्यात मधेच लाल ठिपके पेटत होते. ती म्हणाली, "काका, हे लाल म्हणजे आत सूज भडकलीय. झीज असती तर हाडाच्या कडेला टोकं वाढलेली दिसली असती. युरिक ॲसिडची पांढरी रेघही नाही. नेहमीचा आमवात जास्त करून सांध्याच्या अस्तरात दिसतो. तुमची सूज बोट वळवणाऱ्या दोरीभोवती, म्हणजे कंडरेभोवती आहे, अख्ख्या बोटभर." मग थांबून म्हणाली, "अंगावर कुठे खवले आहेत का? जरा बाही वर करा."

माझं डोकंच फिरलं. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या बोटानं," ती हसून म्हणाली. मी बाही वर केली. खवल्यांच्या त्या कातडीच्या रोगाबरोबर येणारा हा सांधेवात, तो संसर्गाचा नाही, औषधानं आटोक्यात राहतो, चित्र आणि चट्टा दोन्ही बघितल्यावरच खात्री होते, असं तिनं नीट समजावलं. मी ऐकत कुठे होतो! बाहेर आलो तो थेट बाकावर बसलेल्या दादाच्या अंगावर धावलो. "तूच सांगितलंस ना तिला कोपराचं?"

दादा उठलाही नाही. हळूच म्हणाला, "कोपराचं मी कुणाला सांगेन रे? दोन वर्षं झाली. विहिरीवर शेजारी शेजारी आंघोळ करतो आपण, तू कोपरावर कितीही पंचा ओढलास तरी मला काय डोळे नाहीत? सांगायचं असतं तर तेव्हाच नसतं सांगितलं? पाळी तेव्हाच माझी झाली असती."

मला तिथल्या तिथे रडू आलं. माणसं बघत होती, बघू देत. ज्याच्यापासून मी लपत होतो, तोच दोन वर्षं माझं पांघरूण धरून उभा होता.

औषध सुरू झालं. शिमग्यापर्यंत बोटाची सूज अर्धीच उतरली होती. मी मानकऱ्यांसमोर बाही वर करून आजार सांगितला, आणि ह्या खेपेचा कौल दादानं लावावा म्हटलं. दादानं ताटातली पाकळी उचलून माझ्याच हातात ठेवली आणि माझ्या मनगटाखाली आपला हात धरला. मानकऱ्यांदेखत आम्ही दोघांनी मिळून कौल लावला.

आई, तुझे उपकार कुठल्या तोंडानं सांगू? संशय अजून येतो, स्वभावाला औषध नाही. पण आता पाकळी टेकवली की बोट लगेच मागे घेतो. दाबत नाही.