उरलेले दोन शब्द

आमच्या ह्यांना बोलायचा फार नाद. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते ऑपरेटर होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. जयंतीला, लग्नाला, कुणाच्या निरोप समारंभाला भाषण करायचं तर यांनीच. घरीही तेच. शिफ्टवरून आले की बूट काढता काढता सुरू. कोण काय म्हणालं, साहेबांनी काय उत्तर दिलं, सगळं त्या त्या माणसाच्या आवाजात. मी पोळ्या लाटत ऐकायची आणि म्हणायची, "अहो, जरा श्वास घ्या." आमची मुलगी दुसरीत होती. तिला वाटायचं सगळ्यांचे वडील असेच बोलतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, थंडीचे दिवस होते. सकाळी पोह्यांची बशी घेऊन हे खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. आवाज त्यांचाच, चढउतारही त्यांचाच, पण त्यात एकही शब्द नव्हता. मुलगी हसायला लागली. पप्पा नेहमीसारखी कुणाची तरी नक्कल करताहेत असं तिला वाटलं. मग बशी कलली, पोहे मांडीवर सांडले आणि ते उजव्या अंगाला घसरत गेले. ती तेव्हाही हसतच होती. मी ओरडले तेव्हा थांबली.

नाशिकरोडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आलाय. जीव वाचला. पाय हळूहळू सावरेल, हाताचं सांगता येत नाही, वाचेचं त्याहून नाही. "म्हणजे किती दिवस?" मी विचारलं. ते म्हणाले, "ताई, काही माणसांची येते, काहींची नाही येत."

घरी आणलं तेव्हा त्यांच्यापाशी दोनच शब्द उरले होते. 'काय ते.' पाणी हवं असलं तरी 'काय ते', पाठ दुखली तरी 'काय ते', मुलगी शाळेतून आली की मायेनं 'काय ते, काय ते'. रागावले की तेच दोन शब्द दगडासारखे फेकायचे. मी अंदाजानं विचारत जायची. चादर? पंखा? लघवीला जायचंय? चौथ्या-पाचव्या प्रश्नानंतर ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा हातातला स्टीलचा पेला त्यांनी भिंतीवर मारला. आवाजानं शेजारच्या बाई धावत आल्या. मी दारातूनच सांगितलं, "काही नाही, पेला पडला."

सुरुवातीला माणसं भेटायला यायची. हे बहिरे असल्यासारखं मोठ्यानं बोलायची, मग त्यांच्याकडे न बघता मलाच विचारायची, "जेवतात का? झोपतात का?" हे समोर बसलेले. हळूहळू येणारे कमी झाले. मीही बोलणं कमी केलं, खोटं कशाला सांगू. दिवसभर दोन माणसांचं बोलणं एकटीनं करायचं, आणि त्याला उत्तर म्हणून तेच दोन शब्द. मी थकून जायची. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना गप्प राहायला लागले.

सासूबाई सटाण्याकडच्या गावाहून येऊन आमच्याकडे राहिल्या होत्या. त्यांच्या ते लक्षात आलं. एक दिवस माझ्या हातातलं ताट काढून घेत म्हणाल्या, "त्याले बठ्ठं समजस, पोरी. तू बोलनं बंद करू नको."

"आई, समजत असेल सगळं, पण माझ्याशी तरी कोण बोलतंय?" मी म्हणाले.

त्यांनी ताट घासून ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

त्याच आठवड्यात हे दुपारी घरातून निघून गेले. तोवर काठी घेऊन चालायला लागले होते. मी कॉलनी पालथी घातली. शेवटी कोळशाच्या गाड्या येतात त्या रुळांच्या कडेला सापडले. तारेच्या कुंपणाच्या आत, मातीच्या ढिगावर बसले होते. लांबून मालगाडी येत होती. मी त्यांच्या दंडाला धरून उभी राहिले. गाडीचे डबे संपेस्तोवर आम्ही दोघंही हललो नाही. ते तिथं फिरत फिरत गेले होते की दुसरंच काही मनात होतं, हे मी विचारलं नाही. विचारून कळलं नसतं. पण त्यानंतर कित्येक महिने मी न्हाणीघरातसुद्धा दाराला कडी न लावता जायची.

घरी कुणाकुणाचे सल्ले येत होते. शेजारच्या बाई मनानं चांगल्या. म्हणाल्या, "वणीला घेऊन जा, गडावर नवस बोला. माझ्या भाचीला गुण आला." खरं सांगते, त्या वेळी कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी गेले असते. मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं, तर हे खुर्चीतून काठीवर जोर देत उठले. डावा हात वर केला आणि भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाले, "काय ते!" आवाज भाषणातला होता. बाई हसल्या, म्हणाल्या, "कळलं हो भाऊ, तुमचं तुमच्याजवळ." मला मात्र पहिल्यांदा वाटलं, हा माणूस आत पूर्वीइतकाच आहे. वाद घालण्याइतका.

पौर्णिमेला सासूबाईंनी आम्हाला विहारात नेलं. संध्याकाळ होती, माणसं बरीच होती. आम्ही मागे भिंतीला टेकून बसलो. वंदना सुरू झाली. मी डोळे मिटून म्हणत होते, आणि शेजारून आवाज आला. मला वाटलं भास. मी म्हणायची थांबले. हे म्हणत होते. एकेक शब्द स्वच्छ, न अडखळता, सगळ्यांच्या बरोबर. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायला लागली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

वंदना संपली तशी माणसं भोवती जमली. त्यांच्या खात्यातले एक जण म्हणाले, "दादा, बोला ना आणखी. माझं नाव सांगा." यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मान ताणली गेली. "काय ते," ते म्हणाले, आणि सगळ्यांदेखत रडायला लागले. त्या रात्री ते जेवले नाहीत. आशा दाखवून कुणी काढून घ्यावी तसं झालं होतं. मी तर विहारात नेल्याबद्दल सासूबाईंवर चिडले.

पण ती गोष्ट मी नाशिकला मोठ्या दवाखान्यात वाचेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना सांगितली. तरुण मुलगी होती. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं. तीच वाट धरायची आपण. वार म्हणून घ्या, आकडे म्हणून घ्या. हवा तो शब्द आला की थांबवायचं."

मग आमच्या घरात पाढे सुरू झाले. मुलीचा अभ्यास आणि वडिलांचा व्यायाम एकच. ती "बे एके" म्हणायची, ते "बे" म्हणायचे. गुरुवार म्हणायचा असेल तर सोमवारपासून निघायचं. बऱ्याचदा गाडी थांबायची नाही, सरळ रविवारी जाऊन आदळायची. मुलगी म्हणायची, "पप्पा, ब्रेक!" आणि ते हसायचे. वाईट दिवसही तितकेच होते. दमले की सगळं पुसून जायचं, परत दोन शब्दांवर. गल्लीतली पोरं लांबून "काय ते" ओरडायची. मी एकदा चप्पल घेऊन मागे धावले.

कशाच्याही आधाराशिवाय आलेला पहिला शब्द होता 'मीठ'. वरणात मी विसरले होते. घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "मीठ." आम्ही तिघी बघतच राहिलो. मीठ कुणीच उठून आणलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, आता चिडून, "मीठ!"

भाषण त्यांनी परत कधी केलं नाही. कामावर घेतलं, पण स्टोअरमध्ये, सामानाच्या मांडणीचं हलकं काम. जयंतीला स्टेजवर दुसरं कुणी बोलायचं, तेव्हा ते खुर्ची मागे सरकवून निघून यायचे. मी अडवायची नाही. रुळांचं मी बऱ्याच वर्षांनी विचारलं. खूप वेळ शब्द शोधून म्हणाले, "माहीत... नाही." मला ते खरं वाटलं.

फोनची त्यांना सगळ्यात भीती. समोर माणूस दिसत नाही, हातवारे चालत नाहीत. वाजला की ते दुसऱ्या खोलीत जायचे. दोन हजारनंतरची गोष्ट, मी तेव्हा बालवाडीत शिकवायला जात होते. घरी आले तर हे दारातच उभे. घामेजलेले. "फोन," म्हणाले. मग बोटांवर मोजत, सोमवारपासून निघून शनिवारवर थांबले. "शनिवार. भाऊ... वहिनी... येणार."

"तुम्ही उचललात?"

त्यांनी मान डोलावली आणि खुर्चीत बसले. मी पाणी दिलं.

शुक्रवारी मी थोरल्या दिरांना फोन करून खात्री करून घ्यावी का, असा विचार मनात आला. नंबरही काढला. मग ठेवून दिला. शनिवारी सकाळी बाजारातून मटण आणलं, दोघांची जास्तीची भाकरी थापली, आणि बाराच्या सुमारास फाटकापाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला.