ओ दिलेला कुकारा

अंगात येणं, चकवा लागणं, झाडाखाली कोणी उभं दिसणं... शहापूरहून बातम्या पाठवायचो तेव्हा यातलं बरंच माझ्याकडे आलं. एकही छापायला दिलं नाही. 'प्रत्यक्ष कोणी पाहिलं?' एवढं विचारलं की बातमी तिथेच संपायची. या वेळी पाहणारा — खरं तर ऐकणारा — मी स्वतः आहे.

माझे धर्मामामा मुरबाड तालुक्यातले, माळशेजच्या पायथ्याचे. त्यांची मुलगी वंदना रोमला नर्स आहे. तिने बोलावलं. मामांना एकट्याने विमानप्रवास जमणार नव्हता, म्हणून मी सोबत गेलो.

मामांकडच्या रानात नावाने हाक मारत नाहीत. चुकलेला माणूस 'कूऽऽ' असा कुकारा देतो. ऐकणाऱ्याने ओ द्यायची, आणि एकदा दिली की माणूस हाती लागेपर्यंत थांबायचं नाही. मध्येच थांबलं तर तो भलतीकडे जातो. मी दुसरीत होतो तेव्हा हिरडे गोळा करताना मामांचे धाकटे भाऊ, माझे शिवामामा, मागे राहिले. वय बावीस. त्यांचा कुकारा धर्मामामांनी ऐकला, पण थट्टा करतोय असं वाटून ओ दिली नाही. शिवामामा पुन्हा कोणाला दिसले नाहीत. मामी गेल्यापासून मामा हे दर चार दिवसांनी सांगतात.

रोमच्या वेशीबाहेर जुन्या ख्रिस्ती लोकांची भुयारी दफनस्थळं आहेत. मऊ दगडात खोदलेल्या अरुंद वाटा, दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे कोनाडे. त्यांत प्रेतं ठेवत. सकाळी अकराचा गट, आम्ही बाराजण. पुढे गाइड, सर्वांत मागे आम्ही तिघं.

"मांडणीवर भांडी लावावी तशी माणसं लावलीत रे," मामा म्हणाले.

"बाबा, हळू बोला."

"हितं कोणाला समजतंय गो? नि हे तर काय उठत नाय आता."

जमिनीखालच्या दुसऱ्या मजल्यावर डावीकडे लोखंडी जाळीने बंद केलेली एक वाट होती. पलीकडे अंधार. तिथून कुकारा आला... लांबून, खालून.

मी ओ दिली. विचार करून नव्हे. लहानपणी सुट्टीत मामांकडे लागलेली सवय. दुसरा कुकारा जवळून आला. गाइड वळली आणि तिने मलाच दरडावलं. वंदनाला फक्त माझा आवाज ऐकू आला होता, हे तिने नंतर सांगितलं. मामांनी दोन्ही हातांनी जाळी धरली होती.

"शिवा हाय. थांबू नको, ओ देत राहा."

"मामा, चला. गट पुढे गेला."

"तू ओ दिलीस ना? मग आता गप कसा?"

वंदनाने आणि मी त्यांना दंडाला धरून वर आणलं. पायऱ्यांपर्यंत मागून कुकारे येत होते. मी सात मोजले.

वर लख्ख ऊन होतं. मामा एवढंच म्हणाले, "मी ओ दिली नाय म्हणून तो गेला. तू दिलीस नि सोडून आलास."

गाइडला मी नंतर विचारलं. जाळीपलीकडची वाट वीस पावलांवर ढासळून बंद झालेली आहे. आत जायला दुसरा रस्ता नाही. प्रतिध्वनी म्हणावा, तर पहिला आवाज माझा नव्हता.

मी ठरल्या दिवशी परतलो. मामा आले नाहीत. वंदनाकडे राहतात, आठवड्यातून दोनदा तिकीट काढून सकाळच्या गटाबरोबर उतरतात आणि जाळीपाशी हळू आवाजात ओ देतात. गाइड आता त्यांना काही बोलत नाही.

परवा वंदनाचा फोन आला. मामांनी तो तिच्याकडून मागून घेतला.

"येतो का आवाज?" मी विचारलं.

"येतो. पण माज्या ओला जबाब देत नाय. मी बोललो की गप होतो. ज्यानं ओ दिली त्याचीच वाट बघतोय तो... तू कधी येतोस?"

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मामांना मी अजून काही कळवलेलं नाही.