अक्काची तारीख

रेडिओवर रोज सकाळी पाच मिनिटं ‘आजचा दिवस’ लागायचा. आज कोण जन्मलं, कोण गेलं, कुठली लढाई सुरू झाली, कुठला पूल खुला झाला, असं सगळं त्यात असायचं. ते सांगणाऱ्या गृहस्थांना अख्खं केंद्र ‘तारीखराव’ म्हणायचं. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, ते तिथंच राहू द्या. कॅन्टीनमध्ये कोणी नुसतं “आज काय हो?” म्हटलं, की तोंडातला घास तोंडातच ठेवून हा माणूस सुरू. बारा फेब्रुवारी म्हणा, “डार्विन आणि लिंकन! एकच दिवस, एकच साल!” जणू दोन्ही बाळंतपणं यानंच पार पाडली होती.

त्याच्या टेबलामागे एक जुनं कपाट होतं. महिन्याला एक खण, आणि खणात कार्डं. जन्म, शोध, स्थापना, उद्घाटनं अशी चांगली चांगली कामं पिवळ्या कार्डावर. मरण, अपघात, आगी, बुडणं पांढऱ्यावर. ही पद्धत त्यानंच तरुणपणी लावली होती आणि तिचा त्याला फार अभिमान. दुसरा नियम असा, की एखादी गोष्ट दोन ठिकाणांहून कळल्याशिवाय कार्ड करायचं नाही. संगणक आले, सगळं एका बोटावर आलं, तरी याचं कपाट काही हललं नाही. नवीन साहेबानं एकदा हलवायचा विषय काढला होता. तारीखरावांनी त्याला त्याच्या वाढदिवसाला गेलेल्या माणसांची अशी काही यादी ऐकवली, की साहेबानं पुन्हा म्हणून नाव काढलं नाही.

घरी तीन माणसं. तो, बायको, आणि अक्का. अक्का म्हणजे थोरली बहीण. वडील तो रांगत होता तेव्हाच गेलेले, आई तो शाळेत असताना. मग अक्कानं शर्टाच्या कारखान्यात कॉलरी शिवून शिवून त्याला वाढवला, शिकवला, त्याचं लग्न लावलं. स्वतःचं राहिलं ते राहिलंच. तो साठीला टेकला तरी तिच्या लेखी ‘छोट्या’च होता. रोज सकाळी रेडिओला कान लावून ती कार्यक्रम ऐकायची आणि तो घरी आला, की निकाल लावायची.

“काय रे छोट्या, आज गाडी पकडायची होती का? त्या बिचाऱ्या संगीतकाराला धड मरूसुद्धा दिलं नाहीस.”

तर अशा या अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. कॉलरींनी डोळे खाल्लेच होते, उरलेसुरले आता यानं. ऑक्टोबरमध्ये तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. खिडकीशी बसलेली मुलगी भराभर विचारत होती, पत्ता, फोन, साखर आहे का. मग म्हणाली, “जन्मतारीख?”

अक्कानं भावाकडे बघितलं. भावानं अक्काकडे बघितलं.

“लिही ग बाई काहीतरी,” अक्का म्हणाली. “जन्मले, एवढं नक्की.”

मुलगी हसली. “आजी, काहीतरी लिहून मशीन घेत नाही.” तिनं आपली एक जानेवारी टाकली आणि कागद पुढे सरकवला. एक जानेवारी! ज्यांचं काहीच ठाऊक नाही त्यांना चिकटवायची तारीख. तारीखराव कानापर्यंत लाल झाला. रांगेतल्या कोणीतरी त्याचा आवाज ओळखला होता, “अहो, तुम्हीच ना ते रेडिओवरचे?” म्हणून तो गृहस्थ कौतुकानं विचारत होता, आणि याला वाटत होतं, की धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं.

असं नव्हतं, की त्यानं शोधलं नव्हतं. अक्का कधीच शाळेत गेली नव्हती, जन्माची नोंद कुठे झाली नव्हती. साल तेवढं अदमासानं ठाऊक होतं. आणि आईनं सांगितलेली एकच खूण होती: “तू झालीस ना, तेव्हा नदीवर मशालीच मशाली होत्या.” तेव्हा त्यांचं घर नदीकाठच्या एका गावात होतं, वडील तिथं होड्यांना लागणारे दोर वळायचे. त्याच्या लहानपणी अक्का ही मशालींची गोष्ट तोऱ्यात सांगायची. कारखान्यातल्या बायका आपल्या वाढदिवसाचं बोलायला लागल्या, की ही म्हणायची, “तारीख गेली खड्ड्यात. माझ्यासाठी अख्ख्या गावानं मशाली पेटवल्या होत्या, तुमच्यासाठी कोणी काडी तरी ओढली का?” तारीखरावानं त्या सालाच्या मागचीपुढची सगळी पिवळी कार्डं किती वेळा चाळली होती. कुठला सोहळा, कुठली मिरवणूक, कुठला विजय. गावाचा पूल खुला झाला तेही बघितलं. काही जुळत नव्हतं.

दवाखान्यातून दोघं चालत निघाली. अक्कानं त्याचा दंड धरला होता, कारण तिला फूटपाथ आणि रस्ता एकच दिसत होता.

“छोट्या,” ती म्हणाली, “मी गेले, की माझी जायची तारीख तू बिनचूक लिहिशील. मला खात्री आहे. यायची तेवढी कोरी राहणार बघ.”

“काय बोलतेस अक्का!”

“खरं तेच बोलते. एकदा तरी कळायला हवं होतं रे. हौस म्हणून नाही. आले त्या दिवशी आपण कोणाला हवे होतो का, तेवढंच.”

“म्हणजे? मशाली होत्या ना?”

“गावानं पेटवल्या. बाबांचं काय?” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “आई एकदा बोलून गेली होती. मी झाल्यावर बाबा दोन दिवस घरी फिरकलेच नाहीत. मुलगी झाली म्हणून रुसले असणार, दुसरं काय. मी कधी कोणाला सांगितलं नाही. कशाला सांगायचं?”

सत्तर वर्षं! सत्तर वर्षं ही बाई मशालींचा तोरा मिरवत होती आणि पदराआड हा सल दाबून बसली होती. तारीखराव काहीतरी समजूत घालणार, तेवढ्यात त्याचे पाय थबकले. नदीवर मशाली. दोरवाला बाप दोन दिवस घरी नाही. मागून सायकलवाला शिव्या देत गेला, तरी हा रस्त्याच्या मध्यात उभाच.

मिरवणूक गावातून जाते, नदीच्या पाण्याच्या कडेनं कशाला जाईल? रात्री पाण्यालगत मशाली घेऊन माणसं एकाच गोष्टीसाठी फिरतात. आणि त्या गावचं, त्या सालचं ते कार्ड त्याला तोंडपाठ होतं. दरवर्षी तोच तर वाचायचा. नऊ नोव्हेंबर: बाजाराहून परतणारी होडी उलटून एकोणीस माणसं बुडाली. पांढरं कार्ड. मशाली म्हणजे आनंद असं धरून चालल्यामुळे त्यानं जन्मभर पिवळीच कार्डं उपसली होती. आपल्याच पद्धतीनं आपल्याला फसवलं होतं.

आता दुसरं ठिकाण हवं. वडिलांची धाकटी बहीण, आत्या, दूर मुलाकडे राहायची. तिला पूर्वी विचारलं, की एकच उत्तर यायचं, “मशाली होत्या बाबा, दिवस नाही आठवत.” कान गेले होते, पण आवाज खणखणीत. दुसऱ्या दिवशी त्यानं केंद्रावरून फोन लावला.

“आत्या, अक्का झाली त्या रात्री होडी बुडाली होती का?”

“जेवलास का? मी जेवले.”

“होडी, आत्या! होडी!”

मग आत्या म्हणाली, “कोणी सांगितलं तुला? वहिनीनं मला शपथ घातली होती.”

आणि मग तिनं सांगितलं. ती तेव्हा दहाएक वर्षांची होती. संध्याकाळी होडी उलटली आणि त्याच रात्री इकडे पोर झाली. दादा दोर घेऊन पाण्यात उतरला तो दोन दिवस वर आलाच नाही. आला तेव्हा हाताची सालटी निघालेली, पोरीला हातांत घेता येईना, म्हणून कोपरांनी धरून बसला होता. आणि वहिनीला एकच धास्ती होती. गावानं पोरीला पांढऱ्या पायाची ठरवलं तर? आली आणि एकोणीस जणांना घेऊन गेली म्हणाले तर? म्हणून वहिनीनं मशाली तेवढ्या ठेवल्या आणि होडी पुसून टाकली. पुढं कुटुंबानं गावच सोडलं.

तारीखरावाला आनंद व्हायला हवा होता. तारीख मिळाली, तीही पक्की. पण त्याचं मन धजेना. अक्का दर नऊ नोव्हेंबरला ते कार्ड ऐकून “अरेरे” म्हणायची आणि त्या दिवशी रेडिओ लगेच बंद करायची. तिला कसं सांगायचं, की तुझा वाढदिवस तो हाच? तिच्या मशाली कशा विझवायच्या?

“अहो, एक दिवस अलीकडचा सांगा,” बायको म्हणाली. “वन्संना काय कळतंय? बिचाऱ्या खूश होतील.”

ज्या माणसानं जन्मात एक खोटी तारीख उच्चारली नव्हती, तो आठ नोव्हेंबर पाठ करून अक्काच्या खोलीत गेला. ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, काळा चष्मा लावून ती ऐटीत बसली होती.

“अक्का, सापडली. आठ नोव्हेंबर.”

“खरं? काय होतं त्या दिवशी?”

“क्ष-किरणांचा शोध लागला.”

“ते हाडांचे फोटो काढतात ते?”

“हो, तेच.”

“आणि त्यासाठी आपल्या गावानं नदीवर मशाली पेटवल्या?” अक्कानं चष्मा काढला. “छोट्या, इकडे बघ. लहानपणी साखर खाऊन तोंड पुसायचास ना, तसा दिसतोयस. खरं सांग.”

मग त्यानं सगळं सांगितलं. होडी, आईची भीती, शपथ. अक्काचा चेहरा पडत गेला तसा तो घाबरून भरभर बोलू लागला, “पण नऊ तारीख तशी वाईट नाही हं अक्का, बर्लिनची भिंत त्याच दिवशी उघडली, लोक रस्त्यावर नाचले...”

“भिंत राहू दे,” अक्का म्हणाली. “बाबांचं पुन्हा सांग.”

त्यानं पुन्हा सांगितलं. दोर, पाणी, दोन दिवस, सालटी निघालेले हात.

“कोपरांनी धरलं मला?”

“आत्यानं स्वतः बघितलं.”

अक्का रडायला लागली. डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. बायको कापूस घेऊन धावली आणि अक्का तिलाच हातानं बाजूला सारत म्हणाली, “थांब ग. सत्तर वर्षांचं आहे, येऊ दे.” मग जरा वेळानं तिनं नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात भावाला सुनावलं, “होडी वाचायची बंद करशील माझ्यासाठी, तर खबरदार. ती माणसं बुडाली ती बुडालीच. पण बुडाले तेवढे सांगतोस दरवर्षी. शोधणाऱ्यांचं कधी सांगितलंस का रे?”

नऊ नोव्हेंबरला सकाळी तारीखराव माइकसमोर बसला. होडीचं कार्ड वाचलं. मग कार्डात नसलेलं एक वाक्य म्हणाला: “काठावरची माणसं मशाली आणि दोर घेऊन दोन दिवस त्यांना शोधत होती, आणि त्यातला एकही जण त्याआधी घरी गेला नाही.” शेवटच्या शब्दांना त्याचा आवाज चिरकला. तांत्रिक बाजू सांभाळणारा काचेपलीकडून बघतच राहिला, कारण महायुद्धं वाचतानासुद्धा हा आवाज कधी हलला नव्हता.

परत येताना तो दुकानात थांबला. जन्मात पहिल्यांदा अक्कासाठी वाढदिवसाचं काही घ्यायचं होतं आणि काय घ्यावं तेच समजेना. ही शाल बघ, ती बघ, करता करता चांगलाच उशीर झाला. शेवटी त्यानं एक पिवळी शाल बांधून घेतली.

दार बायकोनं उघडलं. तिचे डोळे लाल होते.

“काय म्हणाली अक्का?” त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

“दरवर्षीसारखं ‘अरेरे’ म्हणाल्या. पण रेडिओ बंद नाही केला. शेवटपर्यंत ऐकला, आणि मग मला विचारतात, वाढदिवसाच्या घरात गोड म्हणून काही आहे की नाही?”

आत अक्का तोंड धुऊन, केस विंचरून, दाराकडे डोळे लावून बसली होती. आता तिला दारापर्यंतचं लख्ख दिसत होतं. तो पुडकं घेऊन उंबऱ्यात उभा राहिला, तशी ती त्याला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “किती उशीर रे! मला वाटलं, मुलगी झाली म्हणून तूही रुसलास की काय.”

आणि हसली. असं हसताना तिला भावानंसुद्धा आजवर बघितलं नव्हतं.