खाटेखालच्या नऊ कांड्या

इतकी वर्षं झाली, पण दहिसरच्या खदाणीचं ते प्रकरण मनातून गेलेलं नाही. गुन्हा तसा लहान होता, जखमी कोणीच झालं नाही. तरीही सांगतो, कारण त्यात मी स्वतः चुकलो होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी उपनिरीक्षक होतो आणि आमच्या हद्दीत डोंगराच्या पायथ्याशी काळ्या दगडाच्या खदाणी होत्या. खनिज म्हटलं की लोकांना सोनं, कोळसा, लोखंड आठवतं. सरकारी कागदात या दगडाला ‘गौण खनिज’ म्हणतात. पण बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत त्या वर्षांत ज्या इमारती उठत होत्या, त्यांचे पाये, रस्ते, रुळांखालची खडी, सगळं याच गौण खनिजातून येत होतं. खदाण एक दिवस बंद राहिली की चेकनाक्याकडे जाणारी ट्रकची रांग गायब व्हायची आणि बिल्डरांचे फोन सुरू व्हायचे.

दगड काढायची पद्धत साधी आणि जीवघेणी. ड्रिलने कड्यात खोल भोकं पाडायची, त्यात जिलेटीनच्या कांड्या भरायच्या, लाल बावटा लावायचा, शिट्टी मारायची, सगळी माणसं लांब गेली की सुरुंग उडवायचा. सुटलेला दगड घणाने फोडून क्रशरमध्ये जायचा आणि त्याची खडी व्हायची. भोक कुठे पाडायचं आणि कांड्या किती भरायच्या, हे ठरवणारा माणूस म्हणजे सुरुंगवाला. खदाणीत मालकाच्या खालोखाल मान त्याचा.

त्या खदाणीतल्या सुरुंगवाल्याला सगळे ‘मास्तर’ म्हणत, कारण तो मॅट्रिक पास होता. वय तिशीच्या आत, घरात बायको आणि आठ महिन्यांचं मूल. त्याच्याआधी वीस वर्षं हे काम ‘काका’ करत. मालवणकडचा माणूस, केस पिकलेले, दगडावर हात ठेवून तो कुठून फुटणार ते सांगणारा. मास्तरला त्यांनीच तयार केलं होतं. पुढे परवान्याचा नियम कडक झाला, लेखी परीक्षा आली. मास्तर पास झाला आणि काकांकडे कांड्यांची पेटी स्फोटकांच्या कोठीपासून भोकापर्यंत वाहून नेण्याचं काम उरलं.

एका शुक्रवारी सकाळी हजेरी संपत असताना काका ठाण्यात आले. ठाणे अंमलदाराशी न बोलता थेट माझ्या टेबलाशी उभे राहिले.

“साहेबानू, माझा नाव खय येवक नको,” ते म्हणाले. “पण पोटात ठेवून ऱ्हवाक होयना. मास्तराच्या घरात खाटेखाली कांड्यो आसत.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“माझ्या हाताखाली वाढलोलो पोरगो तो. तेची चाल बदलली की माका समाजता.”

यात खबर कुठे होती? नुसता संशय होता, आणि तरीही खाटेखाली इतकी नेमकी जागा. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही, कारण मी खूश झालो होतो.

त्याचं कारण सांगायला आजही जड जातं. प्रशिक्षणात माझ्या खोलीत राहणारा, माझ्याच बॅचचा एक अधिकारी तेव्हा गुन्हे शाखेत गेला होता. त्याचा फोटो पेपरात आला की मी तो पेपर बायकोने बघायच्या आत रद्दीत घालायचो. आपण चेकनाक्यावर ट्रकचे कागद तपासतोय आणि तो मोठा होतोय, हे मला सहन होत नव्हतं. स्फोटकं म्हणजे मोठी केस. माझाही फोटो येईल, एवढंच मला दिसलं.

दोन पंच घेऊन तासाभरात आम्ही मास्तरच्या खोलीवर पोहोचलो. पत्र्याची एकच खोली, मे महिना, आत भट्टी. खाटेवर आढ्याला साडीचा पाळणा बांधलेला आणि त्यात मूल झोपलेलं. खाटेखालून गोणपाटाचं गाठोडं निघालं. त्यात नऊ कांड्या होत्या.

मास्तरला खदाणीतून बोलावून आणलं होतं. गाठोडं उघडताच तो ओरडला, “स्टोव्ह! अगं, स्टोव्ह विझव आधी!” माझ्या हवालदाराला ढकलून त्याने पाळण्यातून मूल उचललं आणि बायकोला हाताला धरून बाहेर काढलं. चोरी पकडली गेलेला माणूस पोलिसाकडे बघतो किंवा दाराकडे. हा आधी स्टोव्हकडे आणि मग मुलाकडे बघत होता. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण मी पंचनामा लिहायला घेतला.

ठाण्यात तो एकच सांगत राहिला, “मला माहीत नाही साहेब. रजिस्टर बघा.” रजिस्टर मागवलं. कोठीतला हिशेब चोख होता, प्रत्येक कांडी सुरुंगात वापरल्याची नोंद होती. म्हणजे कांड्या कोठी आणि भोक यांच्यामध्ये कुठेतरी गायब झाल्या होत्या. नोंद मास्तरच्या अक्षरात, त्यामुळे मी ती त्याच्याविरुद्ध धरली. “कोणाला विकणार होतास?” मी विचारलं. “विकायच्या असत्या तर पोराच्या पाळण्याखाली ठेवल्या असत्या का, यार?” तो चिडून बोलला. त्या ‘यार’वर मी त्याच्या कानाखाली मारली. कोर्टातून कोठडी घेतली.

रविवारी दुपारी माझा हवालदार डोकं धरून आला. “साहेब, कांड्या सील केल्यापासून डोकं फुटतंय. दोन दिवस झाले.” मुद्देमाल तपासायला स्फोटक विभागाचे एक वयस्कर अधिकारी आले होते. ते हसले. “जिलेटीनच्या वासाने होतं ते. कातडीतूनही आत जातं. रोज हाताळणाऱ्याला काही होत नाही, नवख्याचं मात्र डोकं उठतं. कोंदट खोलीत तर विचारूच नका.”

मी तसाच मास्तरच्या बायकोकडे गेलो. ती शेजारणीकडे राहत होती. माझ्याशी बोलायला तयार नव्हती.

“एकच सांग,” मी म्हटलं, “तुझं डोकं दुखत होतं का?”

ती चमकली. “तुम्हाला कोणी सांगितलं? गुरुवार संध्याकाळपासून. बाळ पण रात्रभर किरकिरत होतं.”

“बुधवारी?”

“नाही. बुधवारी ठीक होते ना.”

“गुरुवारी घरी कोण आलं होतं?”

“कोणी नाही. काका तेवढे, दुपारी बांगडे घेऊन. मी नळावर गेले तेव्हा बाळाला त्यांनीच सांभाळलं.”

खदाणीत चौकशी केली. गुरुवारी दुपारी काका पोट दुखतं म्हणून लवकर निघाले होते.

काकांना बोलावून समोर बसवलं. तासभर त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. दम दिला तर ते आणखी घट्ट झाले. शेवटी मी हवालदाराला बाहेर पाठवलं आणि, का कोण जाणे, त्या रद्दीत घातलेल्या पेपरांची गोष्ट त्यांना सांगितली. आजवर बायकोलाही सांगितली नव्हती. काका पहिल्यांदा माझ्याकडे बघायला लागले.

“फोटो फाडलास काय?” त्यांनी विचारलं.

“एकदा फाडला.”

मग ते म्हणाले, “वीस वर्सां ती शिट्टी माझ्या गळ्यात होती. मी फुकली की सगळो डोंगर थांबायचो. आता तो फुकता आणि मी पण पळतंय, बायकांच्या मागसून. दगड ऐकूक तेका मीच शिकवलंय. दसऱ्याक नारळ फोडूक मालकान तेका बोलवल्यान. माझी घरकारीण म्हणता, पोरगो हुशार हा हां.”

“म्हणून त्याला तुरुंगात घालायचं?”

“तेका मारूचा नव्हता. तेची पत जावक व्हयी होती.”

“आणि वर पाळणा होता, काका.”

“पोर रडाक लागला. एका हातान गाठोडा सारलंय, एका हातान झोको देयत होतंय.”

मी कबुली नोंदवली. पेटीतून रोज एखादी कांडी बाजूला काढून त्यांनी नऊ जमवल्या होत्या. मास्तरविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात दिला आणि तो सुटला. काकांना पुढे शिक्षा झाली.

सुटल्यावर मास्तरने काकांना भेटायचं म्हटलं. मी लॉकअपपर्यंत घेऊन गेलो. मला वाटलं, शिव्या देईल.

“काका, एकदा बोलायचं होतंत ना,” तो म्हणाला. “परीक्षेचा फॉर्म मी फाडून टाकला असता.”

काका गजांपाशी आले. “तू फाडलंच असतंस. म्हणानच बोललंय नाय. तुझे ते उपकार माका सोसले नसते.”

मास्तर माघारी वळला आणि दाराशी माझ्यासमोर थांबला. “त्यांचं कळलं मला, साहेब,” तो म्हणाला. “त्यांचं सगळं मी घेतलं होतं. तुमचं काय घेतलं होतं मी?”

मी दार उघडून त्याला बाहेर जायला वाट करून दिली.

खबऱ्याचा स्वार्थ तपासा, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. खबर ऐकून आपल्याला एवढा आनंद का झाला, ते तपासायला मात्र कोणी शिकवलं नव्हतं. ते मी त्या खदाणीत शिकलो, आणि त्याची किंमत एका निर्दोष माणसाने कोठडीत बसून मोजली.