बजरंगचा गिअर अन् अर्धा सेकंद

सोनपेठच्या बाजारात बजरंग ट्रॅक्टरवाला कुठं राहतो म्हणून कुणालाबी इचारा, घर दाखवतील. अठरा वर्षं त्यानं दुसऱ्याच्या रानात ट्रॅक्टर चालवला. पाठीचा मणका सरकला तवा डॉक्टर म्हणला, आता सीटवर बसायचं न्हाई. मग गडी पत्र्याच्या शेडात वेल्डिंग करायला लागला. बायको भक्ती आयटीआय शिकलेली, लोकांचे मिक्सर-पंखे दुरुस्त करायची. तिनं मोबाईलवर बघितलं की शहरात लोक कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळतेत अन् त्यास्नी हातात खराखुरा गिअर लागतो.

"दांडा तुमी करा, डोकं मी घालते," ती म्हणाली.

दांडा भंगारातल्या ट्रॅक्टरचा. गिअर खट्टकन बसावा म्हणून खाली स्प्रिंग अन् लोखंडी गोळी. भक्तीनं काडेपेटीएवढं मायक्रोकंट्रोलरचं बोर्ड जोडलं, वर बारका डिस्प्ले, कितवा गिअर पडला त्याचा आकडा दाखवणारा. आतलं बटन दबताना खडखडायचं अन् आकडा नाचायचा. म्हणून तिनं प्रोग्राममधी लिहिलं की गिअर अर्धा सेकंद जागेवर थांबला तरच धरायचा. बजरंगनं शंभरदा टाकून बघितला. एकदाबी चुकला न्हाई.

परभणीत पियुषचं गेमचं दुकान. रविवारी तिथं स्पर्धा होती. जमला तर तिन्ही मशिनीला हाच गिअर, न्हाई तर बाहेरून मागवणार, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. शुक्रवारी तो खेळून बघायला बसला. दुसऱ्यावरून तिसरा, लगेच चौथा. डिस्प्ले दोनवरच. गाडी दुसऱ्यातच नुसती बोंबलायली.

"मामा, ह्याला बैल जुंपायचे का?" पियुष म्हणला. "उद्या दुपारपस्तोर बघा. मग मी बाहेरून मागवाया मोकळा."

येताना एसटीत बजरंग हवेतच हात हलवून गिअर टाकत बसला. सोनपेठ जवळ आलं तवा म्हणला, "मी गिअर कसा टाकतो गं?"

"कसा म्हंजी?"

"जुना ट्रॅक्टर उभा केल्याबिगर गिअर घेत न्हाई. क्लच, न्यूट्रल, जरा दम, मग गिअर. तू माझ्या हाताचं माप घेतलंस."

घरी आल्या आल्या भक्तीनं लॅपटॉप उघडून ते अर्ध्या सेकंदाचं थांबणं कमी केलं. पण तपासायचं कुणी? बजरंगचा हात काही केल्या पळंना. ओसरीवर त्याची आई, कस्तुराबाई, शेंगा फोडत बसली होती. कापूस वेचताना तिच्या बरोबरीनं ओळ धरणारं गावात कुणी न्हाई.

"आत्याबाई, इकडं या. हे दणादण हलवा, कापूस वेचता तसं."

"गाडी कुठंय?"

"गाडी परभणीला. तुमी हलवा."

म्हातारीनं हात घातला. भक्ती थांबणं कमी-कमी करत गेली.

"आता नाचायलाय बघ तुझा आकडा," कस्तुराबाई म्हणाली.

भक्तीनं एक पायरी वर घेतलं. सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यावर आकडा म्हातारीच्या हाताबरोबर पळायला लागला.

"ट्रॅक्टर चालवून तुझा हात मेला रं," तिनं लेकाला सुनावलं अन् परत शेंगाकडं गेली.

शनिवारी पियुषनं वीस चकरा मारल्या. एकदा गिअर हुकला.

"ही माझीच चूक," तो म्हणला. "अजून दोन लागतेत, उद्या सकाळी. पण मामा, दांडा जड हाय."

"तो जडच राहणार," बजरंग म्हणला.

रात्रभरात दोन झाले. आता लातूर, नांदेडहूनबी गिअरच्या मागणीचे फोन येतेत. कस्तुराबाईनं हलवून बघितल्याबिगर एकबी दांडा शेडाबाहेर जात न्हाई. गाडी कुठंय, हे मात्र ती दर बारीला इचारती.