उड्या बसून बघायच्या!

मंडळी, डोकं फिरलंय माझं. ऑफिसचं काम बाजूला ठेवून लिहितोय.

आज डेंटिस्टकडे न्यायचं होतं म्हणून आमच्या पाच वर्षांच्या ईराला किंडरगार्टनमधून लवकर घ्यायला गेलो. बाहेर भुरभुर पाऊस, म्हणून मुलांची रिसेस, म्हणजे खेळायची सुट्टी, वर्गातच चाललेली. अहो, आमच्या या बेलव्ह्यू शहरात भुरभुर कधी नसते?

दारातून पाहिलं, तर सगळी पोरं गालिच्यावर मांडी घालून बसलेली. समोर स्क्रीनवर एक कार्टूनमधलं अस्वल ओरडतंय, "जंप! जंप!" आणि पोरं नुसती बघतायत. ईरा उठली आणि मस्त उड्या मारायला लागली. लगेच टीचर गोड आवाजात म्हणाल्या, "स्वीटी, सिट अँड वॉच!"

मी विचारलं, व्हिडिओ उड्या मारायचाच आहे ना? तर म्हणे, आत जागा कमी, बाहेर घसरडं, आणि कुणाला लागलं की पालकच तक्रार करतात.

आमच्या पालकांच्या ग्रुपवर हे टाकलं. पहिलंच उत्तर एका मराठी बाबाचं: "त्यापेक्षा मॅथ्स तरी घ्यायचं ना, यार!" त्यावर धडाधड अंगठे!

अरे, पाच वर्षांची पोरं आहेत ती! मीटिंगला बसलेले मॅनेजर नाहीत!

गाडीत ईराला विचारलं, "आज रिसेसमध्ये काय खेळलात गं?"

"जंपिंग, बाबा," ती म्हणाली. "वी वॉच्ड इट."

उद्या सकाळी प्रिन्सिपलना भेटायला जातोय. रेनकोट घालून पोरं पावसात पळू शकतात, एवढंच सांगायचंय. कोण येतंय सोबत? की तुम्हीही बसून बघणार?